मगरे काकांचं शेडकार्ड

आमच्या शेजारचे मगरे काका माणसं नावानं ओळखत नाहीत, रंगानं ओळखतात. तोही रोजच्या कपड्यांचा रंग नव्हे. तो माणूस मुलाखतीला जे घालून गेला होता, त्याचा. गल्लीतला संतोष पंचायत समितीत लागून चार वर्षं झाली, पण काकांच्या लेखी तो संतोष नाहीच. तो 'राखाडी'. नर्स झालेली त्याची बहीण 'फिकी आकाशी'. संतोष समोरून आला की काका हात वर करतात, "का रं राखाडी, आकाशी बरी हाय का?" पडेगावात नवीन राहायला आलेल्या माणसाला वाटतं, म्हातारा पतंग विकत असावा.

काकांचं पूर्ण नाव सुखदेव मगरे. एका सरकारी कार्यालयात एकतीस वर्षं शिपाई. त्या कार्यालयात सतत कसल्या ना कसल्या मुलाखती असत, आणि काकांचं काम दाराशी स्टुलावर बसून एकेकाचं नाव पुकारायचं. "नावं पुकारण्यातच उमर गेली पोरी," ते मला सांगत. "पेन्शन झाली तव्हा कपाटाची चावी जमा केली, तशी नावंबी जमा केली. आता रंग तेवढे ऱ्हायले."

ते घरीही स्टुलावरच बसतात. निवृत्तीच्या दिवशी मुलानं टेकायची खुर्ची आणून दिली, ती तशीच प्लास्टिक गुंडाळलेली आहे. "पाठ टेकली की बेल ऐकू येत नाय," असं त्यांचं म्हणणं. घरात बेल नाही.

एकतीस वर्षं माणसं आत जाताना आणि बाहेर येताना बघून काकांनी एक शास्त्र बनवलं होतं. मुलाखत असलेला कुणीही पोरगा त्यांच्या ओट्यावर टेकला, की ते शास्त्र सुरू होई.

"काळा? काळा वकिलाचा नायतर नवरदेवाचा. साहेब म्हणतो, ह्याला नोकरी कशापायी, ह्याची वरात भाईर थांबली असंल."

"पांढरा?"

"पांढरा मुलाखत घेतो. देत नाय."

"मेहंदी कलर आहे काका, चुलत्याचा."

"त्यो कोट हाय का सतरंजी? चुलत्याला म्हणावं, पाव्हणे आले की हातर."

राखाडी म्हणजे ढग, पडला तर पडला. मोरपंखी बघून साहेब कोटाशीच बोलत बसतो. सगळ्यात वर गडद निळा. "चौकात जाऊन बघ. पुतळ्याच्या अंगावर दुसरा रंग कधी बघितला का? उगी नाय त्यो." आणि सगळ्यात खाली चॉकलेटी, बदामी, मातकट. "त्या घराण्याचं नावच काढू नको."

काकूंचं मत वेगळं होतं. "मला बघायला आले तव्हा माझं लुगडं कोणतं व्हतं, इचार त्यांना," त्या आतून ओरडत.

"गुलबक्षी," काका शांतपणे सांगत. "नापास करणार व्हतो. पर वरचा साहेब माझा बाप व्हता."

हे सगळं गमतीत चाललं असतं तर ठीक. पण काका मेहनत घेत. त्यांच्याकडे हार्डवेअरच्या दुकानातून आणलेलं रंगाच्या कंपनीचं शेडकार्ड होतं, घडीचं, भिंतीच्या रंगांच्या पट्ट्यांचं. कुणाची मुलाखत असली की आदल्या दिवशी ते लुना काढत, त्या कार्यालयात जात आणि मुलाखतीच्या खोलीत शिरून भिंतीला, पडद्याला शेडकार्ड लावून बघत. "पडद्याशी कोट जुळला की खेळ खलास. माणूस दिसतच नाय. आधी माणूस दिसला पाह्यजे, मंग हुशारी."

त्यांना आत सोडत कसं? शेडकार्ड हातात असलेल्या माणसाला सरकारी कार्यालयात कुणी अडवत नाही. एका ठिकाणी तर मोठ्या बाबूनं त्यांना रंगाचा ठेकेदार समजून सगळी इमारत फिरवली, ओल दाखवली, पोपडे दाखवले, संडासाचं दार दाखवलं. काकांनी प्रत्येक ठिकाणी मान डोलावली. घरी येऊन निकाल दिला, "भिंत पिस्ता, पडदा मरून. निळा चालंल." महिन्याभरानं तो बाबू गुलमंडीत भेटला आणि खवळून म्हणाला, "अहो, रंगाचं काय झालं?" काका हात जोडून म्हणाले, "लागला साहेब. दोन नंबरला लागला. तुमची कृपा."

आता माझं सांगते. मी पत्रकं लिहिते. कंत्राटी भरतीविरुद्ध, रखडलेल्या निकालांविरुद्ध, तासिकेवर राबवून घेण्याविरुद्ध. आम्ही सात-आठ जण आहोत; औरंगपुऱ्यात अभ्यासिकांच्या दाराशी उभं राहून वाटतो. मी स्वतः तीन वर्षं एका ग्रंथालयात कंत्राटावर होते, दर अकरा महिन्यांनी तीन दिवस घरी बसून चौथ्या दिवशी पुन्हा 'नवीन' होत होते. त्यामुळे स्पष्ट सांगते, काकांचं शास्त्र मला विनोदी वाटत नव्हतं, घातकी वाटत होतं. जागा निघत नाहीत, निघाल्या तर आधीच वाटलेल्या असतात, आणि आमची पोरं कोटाचा रंग विचारत बसलीत! मी हे काकांना तोंडावर सांगत असे.

"पत्रकबाई," ते म्हणत, "तुझं खरं हाय. पर उद्या सकाळी दहाला ह्या पोराची मुलाखत हाय. तुझी क्रांती दहाच्या आत येती का?"

यावर मी आवाज चढवत असे.

त्यांच्याकडे एक कोट होता. गडद निळा, उत्तम कापडाचा, प्लास्टिकच्या पिशवीत टांगलेला. काकांच्या अंगावर तो कधी कुणी बघितला नाही. तो मुलाखतींना जाई. गल्लीतली पोरं नेत, फुलंब्रीहून काकांच्या साडूच्या गावची पोरं येऊन नेत. आधी तो रोशन गेटला रफिकभाईंच्या शिलाईच्या दुकानात जाई. रफिकभाई पोराला उभं करत, चिमटीत कापड धरत आणि कच्चे टाके घालत. कात्री नाही, मशीन नाही. मुलाखत झाली की टाके उसवायचे, कोट पुन्हा मूळच्या मापाचा. "मगरे भाई का कोट किसी का नै होता," रफिकभाई म्हणत, "सब का होता."

मला मात्र काका कोटाबद्दल विचारायचे थांबत नसत. "तुझा कागद येईल तव्हा तू काय घालणार?"

"मी बाई आहे काका. कोट कशाला?"

"कोट गड्याचा आसतो व्हय? कोट शिकलेल्या माणसाचा आसतो."

"मी कुर्त्यात जाणार. घ्यायचं तर घ्या म्हणावं."

त्याच सुमारास माझा एक कुर्ता दोरीवरून दोन दिवस गायब झाला आणि तिसऱ्या दिवशी घडी करून परत दोरीवर आला. मी घरमालकाच्या सुनेवर संशय घेतला आणि तिच्याशी भांडलेही.

एकदा मी काकांना डिवचायचं म्हणून विचारलं, "चॉकलेटीनं नि बदामीनं तुमचं काय घोडं मारलंय?"

काकांनी स्टूल पुढं ओढलं. राग नाही, दुःख नाही. डॉक्टर जुन्या पेशंटची केस सांगतो, तसं सांगितलं.

कार्यालयात बढतीच्या मुलाखती होत्या, शिपायातून लिपिक. काकांनी रात्रशाळेतून मॅट्रिक केलेलं, टायपिंगची परीक्षा दिलेली. आयुष्यात पहिल्यांदा कोट शिवायचा होता. मनात निळाच होता. "पर साहेबाचा कोट निळा. साहेबाच्या रंगाचा कोट घालून साहेबाम्होरं बसायचं? बरं दिसतंय व्हय? म्हणून बदामी घेतला."

त्या दिवशी ते उमेदवारांच्या बाकावर बसले होते. त्यांच्या जागी दिलेला शिपाई चहाला गेला होता. आतून बेल वाजली.

"बेल वाजली की उठतो माणूस. म्या उठलो. ट्रे घेतला, पाणी घेतलं, आत गेलो."

आत तीन साहेब. तिघांनी माना खाली ठेवूनच ग्लास उचलले. एक म्हणाला, पुढचा पाठव. काका बाहेर आले, ट्रे ठेवला, यादी बघितली आणि सवयीनं पुकारलं, "सुखदेव मगरेऽऽ!" कुणी उठेना. त्यांनी पुन्हा पुकारलं. मग ध्यानात आलं. बाकावरचे हसले, काकाही हसले. बटणं लावली, पुन्हा आत गेले. साहेबांनी कागदावरची नजर न काढता सांगितलं, "पाणी झालं रे. उमेदवार पाठव."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. जी साहेब म्हणलं, भाईर आलो, खालचं नाव पुकारलं."

यादीत त्यांच्या नावापुढं 'गैरहजर' असा शेरा पडला. ती यादी फलकावर लावायचं काम काकांचंच होतं. त्यांनी ती चारी कोपऱ्यांना टाचण्या मारून नीट लावली.

"चूक माझी," असं म्हणून काकांनी शेडकार्ड उघडलं आणि दोन पट्ट्यांवर बोट ठेवलं. "ही बदामी. ही आमच्या ड्रेसची खाकी. जरा लांब धर. हाय का फरक? साहेबानं तरी काय करावं? रंग चुकला."

पुढच्या दिवाळीत त्यांनी निळा कोट शिवला. बढतीच्या मुलाखती त्यानंतर निघाल्या नाहीत.

मी पेटले. दुसरा शब्द नाही. घरी गेले, एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. मथळा दिला, 'पाणी झालं, उमेदवार पाठव!' शेवटची ओळ अजून पाठ आहे: 'कोट कोणत्याही रंगाचा असो, खुर्चीला शिपायाच्या जागी माणूस दिसत नाही.' नाव टाकलं नाही, तेवढी अक्कल होती. पण पडेगावात शिपाई, कोट आणि रंग एकत्र आले की नाव टाकायची गरजच नसते. आमचं एकही पत्रक पूर्वी दुसऱ्यांदा छापावं लागलं नव्हतं, हे लागलं. लोकांनी फोटो काढून एकमेकांना पाठवलं. एका सभेत मी ते मोठ्यानं वाचलं आणि टाळ्या पडल्या. मला, स्पष्ट सांगते, त्या टाळ्या आवडल्या.

आईनं पत्रक वाचून चष्मा काढला. "त्यांनी तुला सांगितलं," ती म्हणाली. "छाप म्हणाले होते का?"

"त्यांच्याच बाजूनं लिहिलंय ना?"

"बाजू त्यांची. पण ट्रे घेऊन त्यांना परत आत कुणी पाठवलं? तू."

तिला विषय समजलाच नाही, असं मी ठरवलं.

दोन दिवसांनी राखाडी, म्हणजे संतोष, काकांच्या ओट्यावरून जाताना दात काढत म्हणाला, "काय काका, पाणी झालं का?" काका हसले. संतोषच्या मुलाखतीआधी त्यांनीच तर शेडकार्ड घेऊन लुना काढली होती. त्याच संध्याकाळी ते आमच्या दारात आले. आत आले नाहीत, चौकटीशी उभे राहिले. हातात पत्रक होतं.

"हे माझंच हाय व्हय?"

"हो काका. म्हणजे सगळ्यांचंच आहे."

"चांगलं लिव्हलंस." "एक इचारायचं व्हतं. ह्यात म्हणलंय, कोणताबी रंग आसता तरी... म्हंजी निळा आसता तरीबी?"

इथं खोटं बोलता आलं असतं. 'काय सांगावं काका, निळा असता तर कदाचित' एवढं म्हणायला तोंड झिजलं नसतं. पण मी पत्रकात लिहिलेलं तोंडानं खोडणार कशी? खरं बोलायचं, तोंडावर बोलायचं, याचाच मला अभिमान.

"निळा असता तरी त्यांनी पाणीच घेतलं असतं काका," मी म्हटलं. "चूक तुमची नव्हतीच कधी."

मला वाटलं होतं, मी त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरवतेय.

काकांनी पत्रकाची घडी घातली. चार पदरी. शर्टाच्या खिशात ठेवली. "आसं व्हय," म्हणाले. चौकटीवर हात ठेवून पायरी उतरले, इतक्या वर्षांत कधी धरली नव्हती ती चौकट.

माणूस वर्षानुवर्षं एका चुकीच्या भरवशावर जगू शकतो, हे मला कळलं नव्हतं. चूक स्वतःची असली की दुरुस्त करता येते. दुसऱ्या पोराला निळा घालून पाठवता येतो. ती चूकच नव्हती म्हटल्यावर काकांना करायला काय उरलं?

पुढच्या आठवड्यात फुलंब्रीचा एक पोरगा आला. मी माझ्या ओट्यावरून ऐकत होते.

"काका, उद्या मुलाखत आहे. कोणता रंग घालू?"

"कोणताबी घाल."

"राखाडी चालेल? का निळा?"

"घाल की. काय फरक पडत नाय."

"तुमचा कोट..."

"कोट देता येत नाय आता," काका म्हणाले. पोरगा गेला. शेडकार्ड मला नंतर दिसलं, काकूंनी डळमळणाऱ्या शिलाई मशीनच्या पायाखाली घडी करून घातलं होतं. मी संतोषला भर चौकात झापलं, काकांना चार वेळा चहा नेऊन दिला. चहा ते घेत. "पत्रकबाई" म्हणायचे मात्र थांबले. मला 'तुम्ही' म्हणू लागले.

मग माझा कागद आला. ग्रंथालयातली जागा, कायमची. वयाच्या अटीत माझी ही शेवटची संधी होती. कागद हातात घेऊन मी आधी काकांकडे गेले. ते स्टुलावर होते.

"काका, माझी मुलाखत आहे. कोणता रंग घालू?"

मी किती मनापासून विचारतेय हे त्यांना कळलं असावं, कारण ते माझ्याकडे बघत राहिले. काकू आतून कोट घेऊन आल्या आणि माझ्या हातात दिला.

"घालून बघ."

मी हात घातले. खांदा खांद्यावर बसला, बाही मनगटाशी संपली. कुठंही चिमटी नाही, टाका नाही. मी आरशाशिवाय उभी होते तरी मला कळत होतं, हा कोट माझ्या मापाचा आहे.

"तुझा कुर्ता नेला व्हता मापाला," काकू म्हणाल्या. "तुझ्या त्या पत्रकाच्या आधीच."

मी घरमालकाच्या सुनेची माफी मागितली आणि तशीच रोशन गेटला गेले. रफिकभाईंनी कोट बघितला आणि मान हलवली. "मैं बोला मगरे भाई, कच्चा मारता हूं, फिर दूसरों के काम आता. तो बोले, नक्को रफिक, पक्का कर, काट डाल. ये पोरीका काम कायम का होना." त्यांनी आतली शिवण उलटून दाखवली. वरचं जास्तीचं कापड कापून टाकलेलं होतं. हा कोट आता दुसऱ्या कुणाच्या अंगावर चढणार नव्हता. म्हणून फुलंब्रीच्या पोराला देता आला नव्हता.

मुलाखतीच्या सकाळी काका दारात उभे होते. कॉलर नीट केली. आधीचे काका असते तर पडदा कोणता, भिंत कोणती, सगळं सांगितलं असतं. आता एवढंच म्हणाले, "आत पाणी घेऊन कुणीतरी येईल. त्याच्याकडं बघा."

आत पाच जण होते. मला पडदा आठवत नाही. दुसऱ्या की तिसऱ्या प्रश्नाला ट्रे आला. मी ग्लास उचलायच्या आधी मान वर केली. पन्नाशीचा माणूस, कानावर पांढरे केस, डाव्या भुवईत जुनी खोक. मी बघतेय म्हणून तो गडबडला, ट्रे थोडा कलला, मग हसला. "घ्या मॅडम." मी घेतलं. पुढचे प्रश्न बरे गेले. एका प्रश्नावर मी नको इतकं स्पष्ट बोलले. निकाल अजून लागायचा आहे.

परत आले तेव्हा काका ओट्यावरच होते. प्रश्न काय विचारले, साहेब किती होते, काही विचारलं नाही.

"आला व्हता का?"

"आला होता काका. बघितलं मी. नीट बघितलं. भुवईत खोक आहे, हसला पण."

काकांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. स्टूल माझ्याकडं ओढून, गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून ते पुढं वाकले.

"बरं केलंस पोरी," ते म्हणाले. "नाव काय त्याचं?"

कोटाचं बटण काढता काढता माझ्या ध्यानात आलं, नाव मी विचारलंच नव्हतं.